डाव्या कोपऱ्यातला ठिपका

सावली गावात घरी बसून आचल जंगलातल्या कॅमेऱ्यांचे फोटो तपासायची. तिचा कामातला जोडीदार सुनिल गडचिरोलीत. दोघांच्या पडद्यावर एकच फोटो, आणि ज्याची नजर जिथे टेकेल तिथे त्याचा ठिपका उमटे. तिचा लाल, त्याचा हिरवा. एकाच्या नजरेतून निसटलेलं जनावर दुसऱ्याने धरावं म्हणून ही सोय.

सुनिल गोड बोलणारा, आणि गोड बोलणाऱ्यांचं आचलला आधीपासूनच वावडं. मोहफुलांचा हंगाम लागला आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. हरणं, रानडुकरं आली की हिरवा ठिपका शहाण्यासारखा वागे. वाघ आला की मात्र वाघाला सोडून तो थेट खालच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसे. तिथे कॅमेऱ्याची जागा लिहिलेली असते. ती बाहेर सांगायला सक्त मनाई, कारण शिकाऱ्यांना कळली की वाघ संपलाच. मग याला जागेशी काय घेणं?

आचल डोळ्यात तेल घालून पहारा करू लागली. एकदा तिने फोनवर विचारलंच, "सुनिलभाऊ, कोपऱ्यात काय पाहून राह्यले?"

"काई नाई जी, आदत हाये," तो हसला.

हसला, तिथेच तिची खात्री पटली. तिने साहेबांना कळवलं. नजरेची नोंद होतीच. सुनिलचं काम बंद झालं. त्या दिवशी आचल पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याचा फोन आला.

"ताई, माही माय बुधरी रोज मोहफुलं वेचाले जाते. वाघ कुठी फिरून राह्यला थे पाहून मी तिले सांगत होतो. आता मले काईच दिसत नाई. माय निघाली हाये. तलावाकडं जाऊ देऊ का नको, तेवढं सांगा."

"मंग आधी काऊन नाई सांगतलं?"

"मनाई हाये ना, ताई. कोणाले सांगू?"

खरं की थाप? शिकारीही मायचं नाव घेऊ शकतो. आचलला त्याचा राग आला, त्याहून स्वतःचा आला. तिने रात्रीचे फोटो उघडले. सुनिलच्या जागी आलेली करिष्मा आधीच कामाला बसली होती. एका फोटोत वाघ होता. आचलचा लाल ठिपका कोपऱ्यात गेला आणि जागा वाचून होईपर्यंत तिथून हलला नाही.

"तलावाकडं नको, भाऊ. मायले वापस बोलवा."

तिने फोन ठेवला. करिष्माचा हिरवा ठिपका वाघावरून उठून कोपऱ्यात तिच्या ठिपक्याशेजारी येऊन बसला होता.