टपावर टायर नव्हता

"सुरुवातीपासून सांग," शंकोबा म्हणाला. "आणि मध्ये रडायचं नाही. रडलीस की मी थांबवणार."

त्याचा उजवा हात मनगटाशीच संपत होता. पुढे नुसता पट्टीचा गोळा. हॉस्पिटलच्या खाटेपाशी स्टुलावर त्याची थोरली बहीण, ताई, बसली होती. भंगाराच्या यार्डात ती क्रेन चालवायची. दाराजवळ त्यांचा सख्खा मामा उभा होता. तोही त्याच यार्डात गाड्या कापायचा.

यार्डात जेवणाच्या सुट्टीत तिघं मोडक्या मिनीबसमध्ये बसून ताईच्या मोबाइलवर सिनेमे बघत. भुतांचे नाहीतर यंत्रांचे. तिसरा प्रकार चालत नसे. सिनेमा संपला की एकानं तो पुन्हा सांगायचा, आणि ज्याला पटणार नाही त्यानं 'थांबव' म्हणायचं. थांबवलं की सिद्ध करायचं. तोंडी मत चालत नसे. डोक्यात बाटली फुटली की माणूस लगेच कोसळतो, हे न पटून मामानं एकदा स्वतःच्या डोक्यात बाटली फोडून घेतली होती. तो कोसळला नाही. उभ्यानं काम केलं, कपडे बदलले, घरी गेला आणि मामीच्या अंगावर कोसळला.

प्रयोगासाठी कुणी गाडीत शिरलं तर टपावर टायर ठेवायचा. टायर असलेल्या गाडीला ताई क्रेनचा पंजा लावत नसे.

पोलिसांनी तिला विचारलं होतं, मुद्दाम केलंस का. मालकानं विचारलं होतं. शंकोबानं अजून विचारलं नव्हतं, आणि उद्या पोलीस त्याचा जबाब घ्यायला येणार होते.

दृश्य. मिनीबस.

"सिनेमा तुझ्या आवडीचा नव्हता," ताईनं सुरू केलं. "एका खुन्याचं भूत बाईला गाडीच्या डिक्कीत कोंबतं. ती लाथा मारून मागचा दिवा फोडते, भोकातून हात बाहेर काढते आणि वाचते. तू म्हणालास, खोटं."

"खोटंच होतं. त्या भोकातून हात जात नाही."

"मी म्हटलं, जातो. मग तू सगळ्या भुतांच्या सिनेमांवरच घसरलास."

"काय म्हणालो ते सांग. गाळू नकोस."

"म्हणालास, भुताची कसली भीती, त्याला निदान राग येतो. यंत्राला राग नसतो. समोर कोण आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, ती खरी भीती." तिनं स्टूल पुढे ओढलं. "मी म्हटलं, उलट आहे. आपल्यालाच ओळखून, आपल्यावरच चिडून कुणीतरी येतंय, याच्याहून वाईट काही नसतं."

"पुढे."

"पुढचं तुला माहीत आहे."

"मामाला ऐकू दे. तो तेव्हा टपरीवर होता."

ताई पट्टीच्या गोळ्याकडे बघत म्हणाली, "तू म्हणालास, भुतांचे सिनेमे नवऱ्यानं टाकलेल्या बायका बघतात. घरी भांडायला कुणी नसतं म्हणून."

मामानं तोंड वळवलं.

"मी जेवणाचा डबा फेकून मारला. स्टीलचा. तुझा ओठ फाटला, दात हलला. तू उठून माझे केस धरलेस आणि माझं डोकं काचेवर आपटलंस. मी तुझ्या मनगटाला चावले."

"याच मनगटाला," शंकोबा म्हणाला. "तुझ्या दातांची खूण पण गेली त्याच्याबरोबर."

"मग मी ओरडले, जा, शीर त्या डिक्कीत आणि मर. सगळ्या यार्डानं ऐकलं."

दृश्य. पांढऱ्या गाड्यांची रांग.

हे मामानं सांगितलं. खिडकीशी जाऊन, बाहेर बघत.

"हा आला, तोंडातून रक्त गळतंय. म्हणे डिक्की लाव, मी सिद्ध करतो. मी म्हटलं, टायर? तर म्हणतो, सिनेमातल्या बाईच्या टपावर टायर होता का? मदत येणार हे माहीत असलं तर प्रयोग कसला? मला ते पटलं." त्यानं नाक पुसलं. "पटलं मला. मी डिक्की लावली. म्हटलं, इथंच उभा राहतो. तेवढ्यात मालकानं वजनकाट्यावर बोलावलं, ट्रक आलाय म्हणून. मी गेलो. क्रेन बंद होती तेव्हा."

"थांबव," शंकोबा म्हणाला. "क्रेन का चालू झाली?"

"मालकानं वॉकीटॉकीवर सांगितलं, पांढरी रांग उचल," ताई म्हणाली. "टपं बघितली. एकाही टपावर टायर नव्हता."

दृश्य. आतून.

हे शंकोबाशिवाय कुणी सांगू शकत नव्हतं.

"अंधार. पेट्रोलचा वास. मी दिव्याला लाथा मारत होतो आणि मजेत होतो, फुटत नव्हता ना. मग पंजाचा एक दात पत्रा फोडून आत आला. माझा कान घेऊन गेला." त्यानं डोक्याची दुसरी पट्टी दाखवली. "गाडी वर गेली. मी ओरडलो. सिनेमात ओरडलेलं सगळ्यांना ऐकू येतं, ते मात्र शंभर टक्के खोटं. मग तू मला गाडीसकट खाली सोडलंस. खांद्याचं हाड मोडलं ते तेव्हा. त्या दणक्यानं दिवा निखळला आणि मी हात बाहेर काढला."

"म्हणजे जातो हात," मामा पुटपुटला.

"जातो. ताई जिंकली. पुढे तू सांग, ताई."

दृश्य. प्रेस.

गाडीचा ठोकळा करणारी प्रेस. लोखंडी पेटी, वरून झाकण, बाजूनं सरकणारी जाड भिंत. तिचं बटण क्रेनच्या केबिनमध्येच.

"बटण दाबून धरलं. भिंत निघाली. मग दिव्याच्या भोकात हात दिसला."

"हलत होता?"

"बोटं हलत होती."

"मग?"

"मग भिंत त्याच्यावर आली. बोटं आधी उलटी झाली. मग रक्त."

"आणि तू लगेच थांबवलंस."

मामा म्हणाला, "बाळा, पुरे आता."

"थांबवलंस का लगेच?"

"नाही," ताई म्हणाली. "एक क्षण मी नुसती बघत होते. रक्त ग्रीसमध्ये मिसळून काळं दिसत होतं. मला वाटलं, रंग चुकलाय. हात रबरी वाटला. खोटं काम, असंच मनात आलं. मग बटण सोडलं."

"राग होता?"

"होता. त्या रांगेतल्या प्रत्येक गाडीत मी तुलाच घालत होते. एकेक गाडी चिरडत होते आणि बरं वाटत होतं. पण तू खरंच आत आहेस हे मला माहीत नव्हतं."

शंकोबानं मान तिच्याकडे वळवली.

"थांबव," तो म्हणाला. "राग मला पटला. पण खरा हात, खरं रक्त, तुझ्या भावाचं, आणि माणसाला ते खोटं वाटतं? हे मला नाही पटत. सिद्ध कर."

"काय बोलतोस," मामा म्हणाला. "सिद्ध कसं करायचं असलं काही?"

ताई उठली. दारापाशी गेली. दार जड होतं, लोखंडी पट्टीचं. तिनं डाव्या हाताची बोटं बिजागरीच्या फटीत घातली आणि पायानं दार जोरात ढकललं.

आवाज लहानसा झाला. ती ओरडली नाही. दार पूर्ण लागलंही नाही, बोटांवर अडून राहिलं. मधल्या बोटाचं नख मुळापासून उभं राहिलं. रक्त लगेच आलंच नाही. आलं तेव्हा बिजागरीच्या तेलातून उतरलं, तपकिरी, जाडसर. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा होता आणि त्यावर वेदना दिसत नव्हती.

मामा बघत राहिला.

शंकोबा बघत राहिला. त्याच्या मनात आलं, नख असं उभं राहत नाही.

मग मामा धावला, दार ओढलं, आणि ताई भिंतीला घसरत खाली बसली. तेव्हा कुठे शंकोबाच्या तोंडून आवाज फुटला, नसलेल्या हातानं त्यानं खाटेची कड धरायला पाहिलं आणि तो अर्धा खाली लोंबकळला.

नर्स येईपर्यंत तिघं तसेच होते. मामा तिचा हात स्वतःच्या शर्टात गुंडाळून रडत होता.

"नख उभं राहिलेलं बघितलंस?" ताईनं विचारलं.

"बघितलं."

"मग?"

"मलाही खोटं वाटलं," शंकोबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पोलीस आला. खुर्ची ओढून बसला. म्हणाला, भांडण झालं होतं, तिनं सगळ्यांसमोर मर म्हटलं होतं, ते दहा जणांनी सांगितलंय. आता तू सांग. भिऊ नकोस.

शंकोबानं दाराकडे बघितलं. बिजागरी पुसलेली होती.

"टपावर टायर नव्हता," तो म्हणाला. "तो मी ठेवायचा होता."