बंदराचं कर्ज आणि बँडची गाडी

तनुजा वकिलीच्या तिसऱ्या वर्षाला होती, आणि त्या आठवड्यात तिच्या डोक्यात एकच देश घोळत होता, तोही कागदावरचा. अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेसाठी एक देश रचून त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन देश केले होते. तनुजा दक्षिणेची वकील. सरावात तिचा जोडीदार विश्वजीत मुद्दाम उलट बाजूनं बोलला आणि पहिल्याच प्रश्नात तिला गारद केलं.

"बंदरासाठी कर्ज जुन्या देशानं काढलं. मग निम्मं तुम्ही का फेडू नये?"

बंदर तर अख्खं उत्तरेत होतं. हा अन्याय आहे एवढं तिला कळत होतं. का, ते मात्र सांगता येईना.

हिरमुसून ती दौलताबादला घरी आली, तर अंगणात निराळीच लढाई जुंपलेली. तिचे वडील कडुबा आणि फकिराकाका यांनी वीस वर्षं मिळून चालवलेली बँड पार्टी त्याच दिवशी फुटली होती. आठ वादक काकांकडं गेले, चौघं कडुबांकडं राहिले.

"स्पीकरची गाडी मी नेणार!" काका गरजले.

"ने की! पण हप्ते निम्मे मी भरायचे व्हय रं?"

"कर्जावर सही दोघांची हाय."

तनुजा खांद्यावरची पिशवीही न उतरवता मधे उभी राहिली. "काका, गाडीवर लग्नाच्या सुपाऱ्या कोण घेणार?"

"मीच."

"मग हप्तेबी तुमचेच. जिकडं गाडी, तिकडं तिचं कर्ज. बँकेत जाऊन बाबांचं नाव काढून घ्या."

"आन् आजवर मी भरलं त्याचं काय?" कडुबा फुरंगटले.

"तालमीचं शेड दोघांनी बांधलं, ते तुमच्याकडंच राहतंय की."

"शिंप्याची उधारी?" कडुबांनी पुढचं काढलं.

"ड्रेस बाराजणांचे. आठ वाटे काकांचे, चार आपले. गाण्यांच्या वहीची झेरॉक्स काढू, म्हणजे दोघांकडं सगळं राहील."

काकांनी डोकं खाजवलं, मग खो खो हसले. "कडुबा, पोरगी लई पोचलेली हाय रं तुझी!"

चहा गाळता गाळता तनुजाचा हात थबकला. विश्वजीतच्या प्रश्नाचं उत्तर आपण आत्ताच अंगणात देऊन आलो की!

रविवारी स्पर्धेत न्यायाधीशांच्या खुर्चीत बसलेल्या बाईंनी नेमकं तेच विचारलं. तनुजा शांतपणे म्हणाली, "बंदर उत्तरेत, त्याचं उत्पन्न उत्तरेला. जे कर्ज एकाच प्रदेशाच्या कामी आलं, ते त्या प्रदेशाबरोबर जावं."

"आणि देशाचं सामायिक कर्ज? निम्मं-निम्मं?"

"नाही मॅडम. उत्तरेत माणसं दुप्पट, कमाईही दुप्पट. वाटा न्याय्य हवा, नुसता सारखा नको. आणि दफ्तराच्या नकला दोघांना मिळाव्यात."

"हे इतकं सोपं करून कुणी शिकवलं?"

तिनं बँड पार्टीची हकिकत खरी खरी सांगून टाकली. सभागृहात हशा पिकला. बाईंनी तर चष्मा काढून डोळे पुसले.

लेखी निवेदनात संघाचे गुण गेले, त्यामुळं तो दुसरा आला. पण उत्कृष्ट वक्त्याचा चषक तनुजाला मिळाला. तिनं पायऱ्यांवर येऊन वडिलांना फोन लावला. कडुबा बजाजनगरात लग्नाच्या वरातीत होते.

"बाबा, बोलण्यात पहिली आले!"

"काय? जोरात बोल!"

"पहिली आले!"

मग कडुबांनी आपल्या चौघांना काहीतरी ओरडून सांगितलं, आणि फोनमधून ट्रम्पेटचा असा काही दणका आला की तनुजानं फोन कानापासून लांब धरला आणि विश्वजीतला ऐकवला.