दोन हजार परत येईपर्यंत

मी एक कॉम्प्युटर बोलतोय. पडदा नव्हे हं, त्याचं कौतुक सगळेच करतात. मी टेबलाखालचा काळा डबा. घाटकोपरला विकीच्या दुकानात सगळ्यात स्वस्त म्हणून खालच्या फळीवर पडून होतो, त्यामुळे गिऱ्हाइकांपेक्षा त्यांच्या चपलाच मला जास्त ओळखीच्या.

एक दिवस अनंत मेस्त्री बायकोला घेऊन आले. महापालिकेत तीस वर्षं पाण्याची मीटरं वाचून निवृत्त झालेले गृहस्थ. माझ्यावरची किमतीची चिठ्ठी तीनदा वाचून म्हणाले, "कुंदा, यावर कंपनी दोन हजार परत देते. हाच घेऊ."

कुंदाताईंना हवी होती फक्त मोठी अक्षरं. मालवणला राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीला, सुलक्षणाताईंना, ऐकू येईनासं झालं होतं. फोनवर बोलणं संपलं, आणि मोबाइलवरचं बारीक लिहिलेलं कुंदाताईंना दिसेना. रोज बोलणाऱ्या दोघी बहिणी चार महिने मुक्या झाल्या होत्या.

मुलुंडच्या घरी मला जोडलं, आणि वर टॉवेल टाकला.

"पैसे येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही," अनंतरावांनी जाहीर केलं. "कंपनीने खोट काढली तर? माल कोरा दिसला पाहिजे."

"अहो, वापरायलाच आणलाय ना?"

"महिन्याभराचा तर प्रश्न आहे गं!"

मग पैसे परत मिळवायच्या अर्जासाठी बिलाचा फोटो, खोक्याचा फोटो. माझ्या पाठीवरच्या नंबरासाठी तर ते पालथे पडून टेबलाखाली शिरले. जन्मभर आकडे वाचलेल्या माणसाने आठाला 'बी' वाचलं! अर्ज परत आला. पुन्हा पालथे.

अकराव्या दिवशी ते सकाळी फिरायला गेले आणि कुंदाताईंनी शेजारच्या रुचिराला हाक मारली. "ये गं पटकन. पाऊण तास आहे."

रुचिराने मला चालू केलं. मी नाव विचारलं, मोबाइल नंबर विचारला. कुंदाताईंनी एकेक अक्षर शोधत सगळं भरलं. मग मालवणला लिहिलं, "ताई, मी कुंदा."

सुलक्षणाताई सुनेच्या टॅबवर होत्या. उत्तर आलं, "गे बाय, खंय होतंस इतके दिस?"

कुंदाताई बराच वेळ पदराने चष्मा पुसत राहिल्या.

मग रोजचंच झालं. "घोव काय करता?" ताई नवऱ्याबद्दल विचारायच्या. "दोन हजारांची वाट बघतत," इकडून जायचं. एकदा अनंतराव लवकर परतले. टॉवेलवर हात ठेवून म्हणाले, "हा गरम कसा?"

"मे महिन्यात थंड काय असतं?"

महिना सरला. अनंतरावांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, मशीन चालू करून तीस दिवसांत नोंदणी करायची अट होती."

"वाट लागली! मी तर चालूच नाही केला."

"नोंदणी झालीय, सर. कुंदा मेस्त्री. पैसे त्यांच्याच मोबाइल नंबराला जोडलेल्या खात्यात जातील."

अनंतराव सावकाश वळले. कुंदाताई कोथिंबीर निवडत होत्या.

"मला सांगणार कधी होतीस?"

"दोन हजार आले की."

त्यांनी टॉवेल काढला, खुर्ची ओढली आणि दोघी बहिणींचं सगळं लिखाण वाचत बसले. 'घोव' आला की त्यांचे कान लाल व्हायचे. मग एका ओळीवर थांबले: "तुझो आवाज इसरत चाललंय, बाय. पण तू लिवलंस की तो कानात येता."

जरा वेळाने त्यांनी एका बोटाने लिहिलं, "ताई, मी अनंत. उशीर माझ्यामुळे झाला."

"जेवलास?" असं उत्तर आलं.

आता माझ्यावर धूळ आहे, बटणाचा रंग गेलाय, आणि खुर्चीसाठी नवरा-बायको भांडतात. मंडळी, एकच विनंती. घरी काही नवं आणलंत तर त्याच दिवशी वापरायला काढा. परत मिळणाऱ्या पैशाची तारीख ठरलेली असते, माणसांची नसते.

बरं, निघतो. माझा पंखा फिरू लागलाय. मालवणहून कोणीतरी लिहितंय.