ओढ्यातल्या दगडाची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. सिद्धगडाच्या पायथ्याशी, मुरबाड तालुक्यातल्या एका लहानशा गावाच्या ओढ्यात माझं बस्तान आहे. गुडघाभर उंचीचा, वरून गुळगुळीत, खाली तासलेला. माझ्यावर रोज रत्नप्रभा कपडे धुते. दगडाला काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! पण ज्याला जागचं हलता येत नाही, त्याला कान तरी लांब ठेवावे लागतात. आणि मी पहिल्यापासून भारी चौकस.

मला घडवलं रामाच्या आजोबांनी. रामा म्हणजे रत्नप्रभाचा सासरा. आता ऐंशीला टेकलाय, पण माझ्यासमोर रांगत होता, म्हणून मी त्याला अरेतुरेच करतो. तर त्याच्या आजोबांनी ओढ्याच्या वरचा चढ साफ करून नाचणी लावली. शेताच्या कोपऱ्यात कातळ होता, त्यात महिनाभर छिन्नी चालवून चौकोनी खळगा खोदला, माझा तळ त्याच मापाने तासला आणि मला त्यात उभं केलं. वर शेंदूर फासला. झालो मी देव! मला कोणी विचारलंसुद्धा नाही. मग पुष्कळ वर्षं माणसं येऊन मागत राहिली. पाऊस दे, पोर जगू दे, रानडुकरं हाकल. यातलं एकही काम मला येत नव्हतं. खरं सांगतो, फार ओशाळल्यासारखं व्हायचं.

रामा दहा वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी बौद्ध धम्म घेतला. घरातले देव टोपलीत भरले, मला खळग्यातून उपटलं आणि सगळ्यांना ओढ्यात सोडलं. छोटा रामा काठावर रडवेला होऊन विचारत होता, "बा, आता शेताची राखण कोण करील?"

"आपण," वडील म्हणाले.

काय सांगू, मला अगदी सुटल्यासारखं झालं. दोन पावसाळ्यांत शेंदूर धुऊन गेला. बायका माझ्यावर कपडे धुऊ लागल्या आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी उपयोगी पडलो.

कायदा हा शब्द मी धुण्याच्या गप्पांतच ऐकला. हा कायदा दिसतो कसा, याचं मला मोठं कुतूहल. गावात यायचा तो कागद होऊन, आणि कागद आला की घरात चूल उशिरा पेटायची. एका रविवारी रत्नप्रभा पिळे तसेच टाकून माझ्याशेजारी बसून राहिली. तिची मुलगी संघरत्ना शहापूरला कोर्टाबाहेरच्या टायपिंगच्या दुकानात कामाला आहे, ती घरी आली होती. आईने तिच्यापुढे कागद धरला.

नाचणीचं ते शेत सरकारच्या दप्तरात जंगल होतं. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याला अशा जमिनीचा हक्क मिळतो, तसा कायदाच आहे. पण जे आदिवासी नाहीत, त्यांनी २००५ सालाच्या आधीची तीन पिढ्यांची, पंचाहत्तर वर्षांची वहिवाट दाखवायची. रामाच्या घरात तर जुन्या कागदाचं चिटोरंही नाही. दावा फेटाळला होता. शेत गेलं, तर त्या घराचं वर्षाचं धान्यच जात होतं.

"आई, साठ दिवसांत अपील करता येतं," संघरत्ना म्हणाली. "आनि पुरावा कागदाचाच पायजे असं नाय. जुनी देवाची जागा चालते. घरच्या नाय, पण दुसऱ्या घरच्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब चालतो. दोन पुरावे दिले पायजेत."

"देवाची जागा?" असं म्हणून रत्नप्रभाने माझ्याकडे पाहिलं. अहो, इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं!

पण रामा भडकला. "ज्याला माझ्या बानं सोडला, त्याला मी परत बसवू? जमीन गेली तरी चालंल."

"मग खायाचं काय, मामा?" रत्नप्रभा म्हणाली.

संघरत्ना शेजारच्या सकुबाईकडे गेली. सकुबाई जुन्या हिंदू शेतकरी घरातली, रामापेक्षा पाचेक वर्षांनी मोठी, गावातच दिलेली. "मला काय आठवत नाय गो," ती मान वळवून म्हणाली. मी ओढ्यातून ऐकत होतो. धडधडीत खोटं! तिला सगळं आठवत होतं आणि मला ते ठाऊक होतं. पण दगडाला विचारतंय कोण?

अपील केलं. जागा पुन्हा बघण्याचा हुकूम निघाला. तलाठी आले, वनरक्षक आला, गावच्या समितीची माणसं आली. रत्नप्रभाने कातळावरचं गवत उपटून खळगा दाखवला. वनरक्षक वाकून म्हणाला, "हा तर पावसाच्या पाण्यानंही पडला असेल."

झालं! रामाचा चेहरा लालबुंद झाला. "माझ्या आज्यानं महिनाभर छिन्नी चालवली, नि पावसानं पडला?" तो तरातरा ओढ्यात उतरला. "उचला रे याला! देव म्हणून नाय हां. साक्षीदार म्हणून."

चौघांनी मला वर आणलं आणि खळग्यात सोडलं. चारी बाजूंनी असा चपखल बसलो, की मध्ये नख जाईना. मनात म्हटलं, आता तरी पटेल.

"बसला खरा," वनरक्षक म्हणाला. "पण कोणी बसवला, कधी बसवला, हे दगड थोडाच सांगणार?"

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड नाही याचं जेवढं दुःख झालं, तेवढं कधीच झालं नव्हतं.

तेवढ्यात गर्दीतून काठी टेकत सकुबाई पुढे आली. मला जागेवर बघून सवयीने तिचे हात जुळायला लागले.

"हात जोडू नको गो, सकू," रामा म्हणाला. "बोट दाखव."

सकुबाईचे हात खाली आले. "आदी सांगा," तिने तलाठ्यांना विचारलं, "खरं बोलले तर मला जेलात टाकाल काय?"

"नाही आजी. बोला."

मग ती बोलली, खाली बघत, थांबत थांबत. "मी सात वर्सांची होते. या दगडासमोर गूळ ठेवलेला, तो मी खाल्ला. माझ्या आजीनं बघितलं. बोलली, रामाच्या आज्याचा देव हा, माझं लगीन झालं त्या साली बसवला त्यानं, नि तू त्यांचा गूळ खाल्लास? शिवाशीव झाली म्हणून भर थंडीत मला ओढ्यात बुचकळून काढली. माझं चुकलं काय, तेच मला कळत नव्हतं. मोठी झाले नि कळलं, चूक आमच्या घराची होती. लाज वाटली. म्हणून कधी बोलले नाय." तिने माझ्याकडे बोट केलं. "तो हाच. नि जागा हीच."

तलाठ्यांनी तिच्या आजीच्या लग्नाचा काळ मोजला, तो पंचाहत्तर वर्षांच्या अटीच्याही मागे गेला, आणि सगळं लिहून घेतलं. वनरक्षकानेही खाली सही केली. रामा सकुबाईजवळ गेला. मग म्हणाला, "तो गूळ माझ्या आयेनं ठेवला असंल."

पंचनाम्यात माझी नोंद अशी झाली: एक दगड, सध्या वापरात नाही. वापरात नाही म्हणे! गावाची अर्धी धुणी कोणाच्या पाठीवर होतात? रामाने मात्र त्याच संध्याकाळी त्या चौघांकडून मला पुन्हा ओढ्यात नेऊन ठेववलं. बापाने घेतलेला निर्णय त्याने मोडला नाही, आणि आज्याचं शेतही सोडलं नाही.

मित्रांनो, तुमच्या आसपास अशी म्हातारी माणसं असतील. त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून ठेवा. त्यांना लाज वाटते तेसुद्धा विचारा. देव होतो तेव्हा सगळे माझ्याकडे मागायचे. काय पाहिलंस, असं पहिल्यांदा विचारलं ते कायद्याने. म्हणून तो मला आवडतो, कागदासाठी आठ महिने ताटकळवत असला तरी.

हक्काचा कागद आला तो असा आठ महिन्यांनी. रत्नप्रभाने तो तीनदा वाचून घेतला आणि तोंडाला पदर लावून रडली. दुसऱ्या दिवशी रामा गुळाचा खडा घेऊन ओढ्यावर आला. माझ्यावर ठेवून त्याने तो फोडला आणि मोठा तुकडा सकुबाईला दिला. तिने तिथेच, सगळ्या बायकांदेखत, खाल्ला. मग बोटं चाटत ती घरी गेली.