पाणी आत घेणारी झडप

मी एक झडप बोलतेय. दारं-खिडक्या पाणी बाहेर ठेवतात, माझं काम नेमकं उलटं. पूर आला की मी पाण्याला घराखाली आत घेते आणि ओसरला की बाहेर सोडते. दोन्हीकडचा दाब सारखा राहिला की भिंत टिकते. एवढं साधं आहे, पण माणसांच्या डोक्यात शिरेल तर शपथ.

लुइझियानात बायूकाठी, म्हणजे संथ पाण्याच्या ओढ्याकाठी, अल्सीडकाकांचं घर पुराच्या भीतीने उंच उचललं, तेव्हा खालच्या भिंतीत मला बसवलं. काका कुरकुरलेच. "पैसे मोजून भिंतीला भोक पाडून घेणारा मी पहिलाच मूर्ख असेन."

पुढे चक्रीवादळाचा इशारा आला. काकांनी खिडक्यांवर ठोकायचे दरवर्षीचे प्लायवूडचे तुकडे काढले. प्रत्येकावर खिडकीचं नाव रंगवलेलं: स्वयंपाकघर, न्हाणी, पुढची. माझ्यासाठीही त्यांनी एक तुकडा कापला, त्यावर 'भोक' असं लिहिलं आणि ठोकून टाकला. वादळ दुसरीकडे वळलं. खिडक्या उघडल्या, मी मात्र दोन वर्षं अंधारात राहिले.

तिथे मला फक्त ऐकू यायचं. शेजारच्या ओझाइटबाई रोज सकाळी कॉफी घेऊन पायरीवर येत आणि दोघं एकमेकांचे वाभाडे काढत बसत.

एकदा नगरपालिकेची रेनेल आली. "काका, मंगळवारी तपासनीस येतोय. आपण नाले साफ ठेवतो, घरं नियमाने बांधतो, म्हणून सगळ्यांना पुराच्या विम्यात सूट मिळते. तो घरं बघणार आहे. ही फळी त्याला दिसली तर अख्ख्या गावाची सूट कमी होईल."

"माझं घर, माझं भोक," काका म्हणाले.

रेनेल गेली. ओझाइटबाई पायरीवरच होत्या.

"सूट गेली तर मला हप्ता झेपायचा नाही, अल्सीड. लेक ह्यूस्टनला बोलावतेच आहे. घर विकून टाकीन."

"मग माझ्या गम्बोच्या रश्श्याला नावं कोण ठेवणार?"

"तुझं भोक ठेवेल."

कप खाली ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने खिळे करकरले आणि माझ्यावर ऊन पडलं. काका गुडघ्यांवर बसून, घामाघूम होऊन फळी उपटत होते.

मंगळवारी तपासनिसाने माझ्यातून हात घालून पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि पुढे गेला. मग कित्येक आठवडे कुणाच्या जिवात जीव नव्हता. शेवटी पत्र आलं. ओझाइटबाईंनी ते पायरीवरच मोठ्यानं वाचलं. सूट कायम होती. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. काका फक्त म्हणाले, "कॉफी पातळ झालीय आज."

परवा पुन्हा वादळाचा इशारा आला. काका खिडक्या ठोकत ठोकत माझ्यापाशी आले. ते वाकले, माझ्यात अडकलेली पानं त्यांनी बोटाने काढली आणि म्हणाले, "येऊ दे पाण्याला आत. जाईल परत."

माझं एवढंच मागणं होतं.