नकाशातलं स्टोअर

फ्यूज पांढरा होता, चिनी मातीचा, आणि त्याच्या एका कडेला करपल्याचा तपकिरी डाग होता — जुन्या दातावर असतो तसा. तो पॅनेलच्या खोलीत त्या डागावरून अंगठा फिरवत उभा होता. किती वेळ, ते त्याला कळलं नाही. बाहेरून मुलांचा गलका आला तेव्हा तो भानावर आला. पाणमांजरांच्या तळ्याच्या पंपाचा फ्यूज. खेचून काढायचा आणि सरळ सदऱ्याच्या खिशात टाकायचा, ही रीत. त्याची एकट्याची नव्हे, सगळ्याच वायरमन लोकांची. आपण तिकडे तारांना हात घालून बसलेलो असतो, आणि इकडे कोणीतरी शहाणा येतो, त्याला फ्यूज निघालेला दिसतो, तो चांगल्या मनाने परत लावून टाकतो — आणि आपला कारभार आटोपतो. म्हणून फ्यूज टेबलावर ठेवायचा नाही, दुसऱ्याच्या हातात तर नाहीच. आपल्या खिशात.

बाहेर मुलं ‘हो...’ करून ओरडत होती, खेळ मध्येच थांबल्यावर ओरडतात तशी. इंजिनिअर बाई दारातून डोकावल्या. वयाने त्याच्या मुलीएवढ्या, डोक्यावर पिवळं हेल्मेट, बुटांना चिखल.

“काका, कारंजं बंद पडलं. तिसरा कारंज्याचा आहे. पंप चौथ्यावर.”

तो म्हणाला, तिसराच पंपाचा, पहिल्यापासून तिसराच. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी तिसरा परत लावायला सांगितला, चौथा काढला, आणि तळ्याकडून येणारी घरघर थांबली. मध्ये कोणीतरी बदललं असणार, त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या. मध्ये म्हणजे केव्हा, ते त्याला लगेच कळलं. तो रजेवर होता तेव्हा. दवाखान्यातल्या बाकावर बसून होता तेव्हा. त्यानंतर पंप एकदाही बिघडला नाही, म्हणून हे समजायला आजचा दिवस उजाडावा लागला. त्याची अशी समजूत होती की ते महिने सगळंच थांबलं होतं — पण इथे कोणीतरी आलं होतं, तिसऱ्याचं चौथ्यावर नेलं होतं, आणि हात पुसून निघून गेलं होतं.

बाग नगरपालिकेची, मुलांची. मागच्या अंगाला पिंजरे. सगळे जुने नळ आणि सगळ्या जुन्या तारा बदलायचं काम बरेच महिने चाललं होतं. वाटा खणलेल्या, त्यांवर फळ्या टाकलेल्या, आणि अस्वलापेक्षा खड्ड्याभोवती मुलांची गर्दी जास्त. आज शेवटचा टप्पा होता. भिंतीवर नवं पॅनेल लागलं होतं, राखाडी, लोखंडी कपाटासारखं, आत काळ्या खटक्यांची रांग. एकेक लाइन जुन्या पॅनेलवरून सोडवायची आणि नव्यावर घ्यायची, आणि अंधार पडायच्या आत जुनं पॅनेल कायमचं मारायचं.

नकाशा दाराला चिकटवलेला होता. त्याच्याकडे बघायचं नाही असं त्याने सकाळीच ठरवलं होतं, आणि सकाळपासून तो त्याच्याकडेच बघत होता. अस्वलाच्या पिंजऱ्यामागे, कुंपणाला लागून, एक चौकोन. चौकोनात लिहिलं होतं — स्टोअर. नवी केबल पाखरांकडून अस्वलाकडे येत होती, अस्वलाकडून वळून प्राण्यांच्या दवाखान्याकडे जात होती. चौकोनाकडे जात नव्हती.

तो चौकोन म्हणजे त्याचं घर. दोन खोल्या आणि पुढे पडवी. बाग बांधली तेव्हा तिथे खरंच स्टोअर होतं. पुढे वायरमनला राहायला दिलं, पण नकाशावर कोणी खोडलं नाही, आणि आता जुन्यावरून नवा काढताना तेच आलं. त्याने हे मागच्या आठवड्यात पाहिलं होतं. बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम — बाई, हे स्टोअर नाही. ते वाक्य तो रोज घेऊन यायचा आणि रोज परत घेऊन जायचा.

भीतीने नव्हे. म्हणजे, थोडी होतीच; निवृत्ती जवळ आलेली, वरच्या साहेबांनी म्हटलं असतं, कशाला आता त्या दोन खोल्यांसाठी केबल. पण खरं कारण ते नव्हतं. मुलगी फोनवर रोज म्हणायची, बाबा, या इकडे, मुलांना आजोबा हवेत, तिथे एकटे भिंतींशी बोलत बसता. तो म्हणायचा, बघू. वर्ष होत आलं, तो बघतच होता. आणि आता न बोलता नुसतं उभं राहिलं की झालं. संध्याकाळी फ्यूज निघेल, घरात काळोख होईल, आणि मुलीला सांगता येईल — लाइटच गेली गं, येतो. ठरवलं कोणी नाही. सोडून आलो असंही नाही. तार तुटली, एवढंच...

पाय एका जागी राहत नव्हते. तो पाखरांकडे गेला, काम नव्हतं, परत आला, पक्कड विसरली म्हणून पुन्हा गेला, पक्कड हातातच होती. अस्वलाला सांभाळणारा — त्याला सगळे अस्वलच म्हणायचे, आणि खरं अस्वल त्याच्यापेक्षा कमी केसाळ होतं — पिंजऱ्याबाहेर बादली घासत होता.

“काय रे, पायजम्यात मुंगळा शिरलाय काय तुझ्या? माझं जनावर चक्कर यायच्या बेताला आलंय तुझ्या फेऱ्या बघून.”

तो हसला. अस्वलाने मग बादली खाली ठेवली आणि आवाज उतरवून विचारलं, घराचं काय केलंस? नव्या लाइनीत आहे ना?

“आहे की नकाशात,” तो म्हणाला. खोटं नव्हतं.

परत येताना त्याचा हात खिशाकडे गेला. सकाळपासून कितव्यांदा तरी. खिसा रिकामा होता, तरी चाचपून बघायचं. ही सवय बायकोची, त्याची नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तो बागेतल्या झुकझुकगाडीचा फ्यूज खिशात घेऊन घरी आला, तिने सदरा तसाच भिजत घातला, आणि सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत गाडी बंद — पोरं रडतायत, गाडीचा मास्तर शिव्या घालतोय, आणि फ्यूज बादलीत साबणाच्या पाण्यात. तेव्हापासून तो दारात आला की ती आतूनच विचारायची — खिसा? बाकीच्या बायका विचारतात, आलात का, चहा टाकू का. हिचा एकच शब्द. खिसा? तो म्हणायचा, रिकामा. मग चहा. भांडण झालेलं असलं, अबोला असला, तरी हा एक शब्द अबोल्यात धरायचा नाही असं दोघांचं न बोलता ठरलेलं होतं.

दवाखान्यात शेवटी शेवटी तिला बोलवत नव्हतं. तरी तो समोर जाऊन उभा राहिला की तिची नजर चेहऱ्यावर यायच्या आधी खिशावर जायची. तो खिसा उलटा करून दाखवायचा. रुमाल, पेन्सिल, औषधाच्या दुकानाची चिठ्ठी. ती डोळे मिटायची. काम नीट झालं असावं तसे.

आणि ती गेल्यावर, अलीकडेच, तो पोपटांच्या दिव्याचा फ्यूज सदऱ्याच्या खिशात तसाच ठेवून झोपला. सकाळी सदरा चढवताना हाताला लागला. धावत गेला तर पोपट अंधाऱ्या खोलीत चिडीचूप बसलेले, एकमेकांना चिकटून. कोणी काही बोललं नाही त्याला. बोलले असते तर बरं झालं असतं. लोक त्याला हल्ली काही बोलत नाहीत, काचेचं भांडं ठेवावं तसं बाजूला ठेवतात... आणि आता नव्या पॅनेलला फ्यूजच नाहीत. खटका पाडायचा, त्याला बारकं कुलूप लावायचं. चांगलं आहे. तिला आवडलं असतं. तिने विचारलं असतं, मग मी आता काय विचारू?

दुपार कलली. कारंजं नव्या पॅनेलवर गेलं, पंप गेला, पाखरं, अस्वल, साळिंदराची पेटी, झुकझुकगाडी. बाई आकडा वाचायच्या, तो तार सोडवायचा, बाई तिकडे घट्ट करायच्या. त्यांचा हात चांगला होता, स्क्रूला उगाच पिळत नव्हत्या. जुन्या पॅनेलचं एकेक घर रिकामं होत गेलं, आणि खालच्या ओळीत कोपऱ्यात एकच फ्यूज उरला. त्याला सगळ्यांत आधी तोच दिसत होता, आणि तो सकाळपासून त्याच्या भोवतीने सगळं काढत आला होता.

“हा कशाचा?” बाईंनी बोट ठेवलं. मग नकाशा बघितला. “स्टोअरचा का? स्टोअरला काय लागतं... काढून टाकू या, काका. संपलं मग.”

त्याने हात पुढे केला. फ्यूज दोन बोटांत धरला. आता नुसतं खेचायचं होतं. तोंड मिटून, इतका वेळ मिटलं होतं तसंच. आणि त्याला एकदम ते पोपट दिसले — नाही, पोपट नाही, खोली. ती मधली खोली, खिडकी बंद, आणि काळोखात तिचं ते सगळं, जागच्या जागी, आणि कोणी येऊन बटण दाबलं तरी काही न होणारं.

“आम्ही राहतो तिथे,” तो म्हणाला.

बाईंनी हेल्मेट मागे सारलं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, रागाने नव्हे. “अहो काका. मग सांगायचं नाही का?” त्याने फ्यूजवरची बोटं काढून घेतली. बाई पॅनेलकडे वळल्या, मोजलं, एक खटका मोकळा आहे म्हणाल्या. पण केबल लागेल, साहेबांना विचारावं लागेल, ते हो म्हणतील असं नाही, विचारून बघते. तोवर जुना राहू दे, साहेब काय म्हणतात ते कळेपर्यंत. त्यांनी तळहातावर कागद घेतला, पेन काढलं.

“लोड सांगा. किती माणसं राहता?”

साधा प्रश्न होता. त्याने स्वतः शेकडो ठिकाणी विचारला होता, कुठल्याही दारात उभं राहून, वर न बघता.

“एक,” तो म्हणाला.

कसं म्हणाला ते त्याला कळलं नाही, पण तो आपलाच आवाज होता, नेहमीसारखा, कामातला. बाईंनी लिहिलं. काही झालं नाही. भिंतीपलीकडे पंप सुरू होता, पोरं पाण्यात काहीतरी टाकत होती.

“पंखा?” पंखा एक. “फ्रिज?” आहे. “मिक्सर?” तो थांबला. मिक्सर फडताळावर होता, तिने शिवलेलं कापड पांघरून. चालत नव्हता — म्हणजे बिघडला नव्हता, कोणी चालवत नव्हतं. जे चालू शकतं ते धरायचं, हा नियम. पण नियम त्या घरांचा, जिथे कधीतरी कोणीतरी चालवणार असतं... “नका धरू,” तो म्हणाला, आणि लगेच, “धरा.” बाईंनी धरला.

“दिवे किती?”

दोन, तो म्हणणार होता. दोनच होते. स्वयंपाकाच्या ओट्यावरचा, तो तिला लागायचा. मधल्या खोलीतला, तो शिवणाच्या मशीनवर, तोही तिलाच. तो त्या उजेडात बसायचा. जिकडे ती, तिकडचा दिवा लागलेला, आणि तो तिथे आपला वर्तमानपत्र घेऊन. ती गेल्यापासून तो संध्याकाळी दोन्ही लावत होता आणि पडवीत येऊन बसत होता. त्याला स्वतःला कुठे उजेड लागतो, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि त्याचं त्याला माहीत नव्हतं.

“काका? किती धरू?”

“बघावं लागेल,” तो म्हणाला.

बाईंनी पेन तसंच टेकवून ठेवलं आणि त्या थांबल्या.