अकरा घरचा आमरस

नागपुरातून कोणत्याही दिशेने निघा, समुद्र गाठायला रात्रभराचा प्रवास आहेच. तरीही सुमंत बोटीवर गेला. याचं खापर त्याची आई, उत्तराबाई, आजही अंबाझरीच्या तलावावर फोडते. पाचव्या वर्षी पोराला तिथे होडीत बसवलं नसतं, तर आज तो धरमपेठेतल्या एखाद्या बँकेत सुखाने टेबलामागे बसला असता, असं तिचं ठाम मत आहे.

बोटीवर जाऊन त्याला चौदा वर्षं झाली. सुमंत मालवाहू बोटीवर इंजिनीअर. सात-आठ महिने पाण्यावर, मग दीड महिना नागपुरात. या दीड महिन्याला कंपनी सुट्टी म्हणते. कंपनीला उत्तराबाई ठाऊक नाहीत.

उत्तराबाईंचं शास्त्र असं, की आल्यावर प्रत्येक घरी जाऊन तोंड दाखवायचं आणि जाण्याआधी प्रत्येक घरी जेवायचं. सगळ्यांकडे जेवल्याशिवाय नागपुरातून पाऊल बाहेर टाकायचं नाही. घरं अकरा. सुरुवात सक्करदऱ्याच्या मधुसूदनकाकांपासून, कारण आता घराण्यात तेच मोठे. आणि शेवट कन्हानच्या रूपरावकाकांकडे. हे नात्याचे कोणीच नाहीत. वारलेल्या वडिलांचे दोस्त, म्हणजे नात्यापेक्षाही जड. मधला क्रमही ठरलेला. सहा वर्षांपूर्वी लतिकामावशीचा नंबर तिसऱ्याचा चौथा झाला होता. तेव्हापासून तिच्याकडे सुमंतला चहासोबत बिस्किट मिळत नाही.

प्रत्येक घरी प्रश्न तेच. बोटीवर जेवायला काय मिळतं? समुद्री चाचे दिसले का? जमिनीवर आल्यावर हलल्यासारखं वाटतं का? पहिल्या चार घरी सुमंत खरं सांगतो. आठव्या घरापासून चाचे दिसायला लागतात. रूपरावकाकांकडे पोचेपर्यंत चाच्यांनी त्याच्यासोबत बसून पोहे खाल्लेले असतात.

हे सगळं त्याने हसत सोसलं असतं. खुपत होतं ते बारावं घर, म्हणजे स्वतःचं.

त्याची मुलगी अबोली नऊ वर्षांची. बाप आला की ती ट्रेमधून पाणी आणायची. "प्रवास कसा झाला?" विचारायची. तो सोफ्याकडे वळला की उठून जागा द्यायची आणि चालू असलेलं कार्टून आपणहून बंद करायची. आजीने खुणावलं की हात मागे बांधून शाळेतली कविता म्हणून दाखवायची. जाण्याच्या दिवशी पाया पडून "हॅपी जर्नी, बाबा" म्हणायची आणि गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत सायकल काढून खेळायला पसार व्हायची. इतकी गुणी पोर पाहून लोक सुमंतचं कौतुक करायचे. पण पाहुण्यांशी असंच वागायला शिकवलं होतं तिला. त्याला फार काही नको होतं. पोरीने एकदा तरी आपल्याशी घरच्या माणसासारखं कडाकडा भांडावं, एवढीच त्याची इच्छा होती, आणि भांडायला मुळात घरी असावं लागतं.

या वेळी सुट्टी मेमध्ये आली. मे म्हणजे आमरस. अकरा घरी निरोपाची अकरा जेवणं, आणि अकराही घरी आमरस-पोळी, वर कुरडया. "आमच्याकडचा रस वेगळा आहे" हे प्रत्येकाने सांगितलं आणि तिसरी वाटी ओतली. अकराव्या दिवशी सुमंतला पिवळा रंग पाहिला तरी ढेकर येत होता.

निघायच्या सकाळी मधुसूदनकाका स्कूटरवरून हजर. उत्तराबाईंनी हातावर दही घातलं, नारळ दिला, अबोली पाया पडली, हॅपी जर्नी झालं. सुमंत विमानतळावर पोचला, बॅग खाली ठेवली, आणि मुंबईच्या ऑफिसातून फोन आला. बोट बंदरात अडकली आहे. आठ दिवस थांबा, मग कळवतो.

तो ऑटो करून परत आला. चौदा वर्षांत पहिल्यांदा मुलगा गेलेला परत आला, तेव्हा आईने त्याला छातीशी धरायला हवं होतं. उत्तराबाईंनी त्याला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावलं.

"कोणी पाहिलं तर नाही नं?"

"काय झालं आई?"

"काय झालं म्हणून काय विचारतो? अकरा घरचं जेवून बसला आहेस तू! आता दिसलास तर सगळ्यांना पुन्हा बोलवावं लागन. नाही बोलावलं तर त्यांना वाईट वाटते, बोलावलं तर या उन्हात बाया मरतात. आणि लोक काय म्हणतील? उत्तराचा पोरगा रस प्यायसाठी खोटंच जातो म्हणतो."

"मग मी काय करू?"

"तू गेलेला आहेस," उत्तराबाई म्हणाल्या. "घरातच राहा."

असा सुमंत स्वतःच्या घरात फरार झाला. मे महिन्यात नागपुरात सकाळी दहापासून सगळीच घरं पडदे ओढून बसतात, त्यामुळे संशय यायचं कारण नव्हतं. उलट पडदे उघडे टाकले असते तर शेजारी धावून आले असते.

पहिल्या दिवशी अबोलीने ट्रेमधून पाणी आणलं. प्रवास कसा झाला, हा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता, पण विमानतळाच्या प्रवासाबद्दल काय विचारणार? ती ट्रे घेऊन परत गेली.

दुसऱ्या दिवसापासून घराची शिस्त बिघडली. पाहुणा ठरलेल्या तारखेला गेला नाही की त्याचं काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. उत्तराबाईंचा उत्साह अकरा घरी भरून दिलेल्या फराळाच्या अकरा डब्यांत संपला होता. त्यांनी सकाळच्या पोळ्यांचा कुस्करा करून पुढे ठेवला. बायको भैरवी बँकेत निघाली होती. चप्पल घालता घालता ती म्हणाली, "घरीच आहेस नं? मग कूलरमध्ये पाणी भर. आणि तो ओला टॉवेल पलंगावरून उचल. काहून टाकतो रे तिथे?"

लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण टॉवेलबद्दल ती पहिल्यांदा बोलली होती. दीड महिन्यासाठी आलेल्या माणसाला कोण बोलतं? सुमंतने टॉवेल उचलला आणि दिवसभर तो खुशीत होता.

तिसऱ्या दिवशी कूलरवरून ठिणगी पडली. कूलरसमोरची चटई ही अबोलीची जागा. सुमंत तिथे आडवा झाला होता. ती येऊन उभी राहिली. सुमंत हलला नाही.

"बाबा, ही माझी जागा आहे."

"असं? नाव लिहिलंय का तुझं?"

पाहुण्याला उठवायचं कसं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मग तिने वाकून त्याचे दोन्ही पाय धरले आणि त्याला फरशीवरून ओढायला लागली. "आजी! हा उठून नाही राहिला! सगळी हवा हाच खाऊन राहिला!"

सुमंत ओढला जात होता आणि पोट धरून हसत होता. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी चारला बेल वाजली. फटीतून पाहिलं, तर मधुसूदनकाका, हातात उत्तराबाईंनी निरोपाच्या दिवशी भरून दिलेला डबा, आता रिकामा. सुमंत बनियन आणि बर्मुड्यावर बाथरूममध्ये शिरला. बाथरूमची कडी तीन वर्षांपासून तुटलेली होती. दर सुट्टीत तो ती बसवीन म्हणायचा आणि दर सुट्टीत कुठल्या तरी घरी जेवायला जायचा.

"काय वहिनी, पोचला का पोरगा?" काकांचा आवाज बाहेर घुमला.

उत्तराबाईंना खोटं बोलता येत नाही. त्यांना खोकला आला. तो थांबेना, तेव्हा अबोली पुढे झाली.

"पोचला नं, आजोबा. सिंगापूरला आहे. काल त्याने व्हेल पाहिला. दोन पाहिले."

"दोन!" काका खूश झाले. गार पाणी प्यायले, आणखी एक तांब्या प्यायले. काकांना साखरेचा त्रास. "जरा जाऊन येतो," म्हणत ते उठले.

"आजोबा, तिथे पाल आहे!" अबोली किंचाळली. "खूप मोठी!"

"पालीले काय भ्यायचं बेटा," म्हणत काकांनी दार ढकललं.

समोर सुमंत, बादलीवर बसलेला. काकांचं तोंड उघडं पडलं. त्यांनी दार मागे लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"अबे, तू काहून इथं?"

सुमंतने कुजबुजत सगळं सांगितलं. काका ऐकत होते, पण त्यांचं लक्ष दुसऱ्याच हिशेबात होतं. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे तुले पुन्हा जेवायले बोलवावं लागन."

"नका बोलावू, काका. पाया पडतो."

"नका कसा? तू इथं आहे, मले दिसला, मग बोलवावंच लागते. अन् तुझी काकू त्या दिवशीच्या पोळ्यांनी तीन दिवस कंबर धरून बसली गा." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग सुमंतकडे डोळे रोखून पाहिलं. "मी तुले पाह्यलंच नाही. समजलं? पाल होती."

बाहेर जाऊन ते म्हणाले, "लय मोठी पाल आहे, वहिनी. मारू नका. जाईन आपोआप." आणि ज्या कामासाठी उठले होते ते तसंच ठेवून, स्कूटरला किक मारून घाईघाईने सक्करदऱ्याला निघून गेले.

दार लागताच अबोली जमिनीवर गडबडा लोळली. "पाल! बाबा पाल!" हसून हसून तिला उचक्या लागल्या. त्या संध्याकाळी बापलेकीने मिळून बाथरूमची कडी बसवली. ती वाकडी बसली. मग कॅरम खेळायला बसले. सुमंतने राणी घेताना कोपर पुढे सरकवलं, आणि अबोलीने बोर्ड उलटा केला, "खोटारडा!" म्हणाली, न जेवता आईजवळ जाऊन झोपली. भैरवी म्हणाली, "जा, समजूत काढ." त्याने जाऊन समजूत काढली. तिने कूस बदलून पाठ फिरवली. पाठ फिरवून झोपलेल्या पोरीशेजारी तो बराच वेळ बसून राहिला. त्याला फार आनंद झाला होता.

आठव्या दिवशी ऑफिसचा फोन आला. उद्या सकाळचं विमान.

जेवताना त्याने सांगितलं. अबोलीचा घास हातातच थांबला.

"उद्या? पण तू तर कोणाकडे जेवलाच नाहीस."

"जेवलो की. अकराच्या अकरा घरी."

"ते मागच्या वेळचं जाणं होतं. ते कॅन्सल झालं. आता हे नवीन आहे." तिने आजीकडे पाहिलं. "हो नं आजी? सगळ्यांकडे जेवल्याशिवाय जाता येत नाही नं?"

"गुपचूप जेव वं," उत्तराबाई म्हणाल्या. त्यांनी ताटातून मान वर केली नाही.

सकाळी फाटकाशी कोणी नव्हतं. जगाच्या लेखी सुमंत आठ दिवसांपूर्वीच गेला होता. उत्तराबाईंनी हातावर दही घातलं. भैरवीने बँकेत उशिरा येईन म्हणून कळवलं होतं. "कूलर आता कोण भरन?" ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. तिने ते पुसलेही नाहीत. बारा वर्षांत ती निरोप देताना अशी रडली नव्हती. एरवी घर माणसांनी भरलेलं असायचं आणि चहा कोणाला दिला, कोणाचा राहिला यातच गाडी निघून जायची.

अबोली कुठेच नव्हती. सायकल जागेवर होती. सुमंत तिला शोधत गच्चीवर गेला.

टाकीच्या सावलीत ती बसली होती. मांडीवर आजीची फोन नंबरांची वही, कानाला आजीचा मोबाईल.

"आजोबा, बाबा सिंगापूरला नाही गेला. घरीच आहे. तुम्ही त्याला जेवायला बोलवा नं. आज नको, उद्या. आज मी रूपरावआजोबांना सांगते. परवा लतिकाआजी. एका दिवशी एकच घर घ्यायचं, म्हणजे अकरा दिवस लागतील." ती थांबून ऐकत होती. "रस नाही केला तरी चालन. वरण-भात करा. पण नक्की बोलवा."

सुमंतने जाऊन फोन हातात घेतला.

"सुमंत?" मधुसूदनकाका म्हणाले. "पोरगी उद्याचं जेवण मागून राहिली गा. मी हो म्हटलं. मले नाही म्हणताच आलं नाही बा."

"काका, गाडी खाली उभी आहे."

"समजलं. तू जा. तुझी काकू उद्या पोळ्या करन. पोरीले तरी पाठवजो."

फोन बंद झाला. अबोली त्याच्याकडे पाहत होती. "बोलावलं नं त्यांनी? मग आता नाही जाता येत."

पोरीने आपल्याला अडवावं, असं त्याला नऊ वर्षं वाटत होतं. आता ती अडवत होती, आणि त्याला जावंच लागणार होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्याने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. तिने तो झटकला, मोबाईल हिसकावून घेतला, आणि पाठ करून वहीचं पान उलटलं. पायाही पडली नाही.

खाली ड्रायव्हरने हॉर्न दिला. सुमंत जिना उतरला, आईच्या पाया पडला, भैरवीचा हात दाबला, गाडीत बसला. काच खालीच होती. गाडी सुरू झाली तेव्हा वरून तिचा आवाज आला, मोठा, घाईचा.

"हॅलो, लतिकाआजी? मी अबोली. ऐक नं, बाबा अजून इथेच आहे."